यादीतला गूळ

शुक्रवारच्या यादीत गूळ कधी आला ते मला नक्की सांगता येतं, कारण मी याद्या फेकत नाही. वर्षाला एक वही, सप्टेंबर ते ऑगस्ट, दर शुक्रवारी एक पान, झालेल्या गोष्टीवर आडवी रेघ. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दूध आणि भांड्यांचा साबण यांच्या मध्ये, ‘गूळ – १’. जानेवारीत त्याचा ‘गूळ – २’ झाला. आमच्या घरात माणसं दोन. मुलगी युनिव्हर्सिटीत, दुसऱ्या गावी. गूळ पडतो तो आमटीत, चिमूटभर. कोणीही ती वही उघडली असती तर विचारलं असतं, बाई, हा गूळ जातो कुठे? पण माझ्या याद्या माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, आणि मीही पुढचं काय राहिलंय तेवढंच वाचते.

तो गूळ एका घोडीच्या पोटात गेला.

मी नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात, एका जुन्या ब्रुअरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करते. आधी मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअरमध्ये होते. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही वर सरकलो. कुठली लॉरी किती वाजता, किती पिंपं घेऊन, कोणत्या रस्त्याने, हे मी ठरवते. लॉऱ्या लांब जातात. पण गावातल्या सात पबना बिअर तेव्हा अजून घोड्यांच्या गाड्यातून जायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. नोकरी धरली तेव्हा मला वाटलं, हे सगळं टूरिस्टांसाठी. मग पहिल्याच महिन्यात मी वेळा मांडून पाहिल्या. आमच्या अरुंद गल्ल्यांत लॉरी वळवायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात घोडे दोन पब उरकून येत होते. मी मुकाट्याने त्यांना माझ्या तक्त्यात एक ओळ दिली.

जोडी होती. एक करडा खच्ची केलेला घोडा, शांत, थोडासा मठ्ठ. आणि एक काळी घोडी, पायांवर पांढरे झुपके, खूर माझ्या थाळीएवढे. त्यांचे गाडीवान साठीच्या पुढचे. त्यांचे वडील आणि आजोबा याच यार्डात गाडा हाकत. ते मला ‘डक’ म्हणायचे. या भागात सगळेच सगळ्यांना लाडाने म्हणतात, बस ड्रायव्हरसुद्धा.

पहिल्या वर्षी एका शुक्रवारी त्यांनी मला गाड्यावर शेजारी बसवून फेरीला नेलं. “कागदावर वेळा मांडतेस ना, मग ये एकदा, बघ तरी.” पबसमोर गाडा थांबला की फुटपाथमधली लाकडी झाकणं उघडायची. तळघरात उतरणाऱ्या दोन लाकडी दांड्यांवरून पिंप सोडायचं, वर दोर आवळून धरायचा, खाली भुसा भरलेल्या गोणीवर ते धप्पकन बसायचं. मग रिकामी पिंपं वर. लगामाला कोणी हात लावत नव्हतं. शेवटची झाकणं बंद झाल्याचा आवाज आला की घोडी आपणहून निघायची आणि करडा तिच्या मागोमाग. पुढच्या पबशी आपणच थांबायची.

“माझ्या आजोबांच्या काळी,” गाडीवान म्हणाले, “प्रत्येक पबात गाडीवानाला एक ग्लास बिअर मिळायची. रीतच होती ती. बारा पब, बारा ग्लास. शेवटच्या पबानंतर आजोबा गाड्यात आडवे. घोडे घरी आणायचे.”

“आणि वडील?”

“वडील चॅपलला जाणारे, दारू वर्ज्य. चहा प्यायचे. त्यामुळे त्यांचे घोडे मठ्ठ राहिले.”

तबेल्यात बावीस ठाणी आहेत आणि प्रत्येकावर जुन्या घोड्याच्या नावाची पाटी. लॉऱ्या आल्या तशी ठाणी रिकामी होत गेली. उरलेली ही दोन. यादीत गूळ आला ते गाडीवानांचं शेवटचं वर्ष होतं. सप्टेंबरात ते निवृत्त होणार होते. शेवटची फेरी जोडीने मारायची, सातच्या सात पब, साज चकचकीत करून. एवढं एकच ते बोलून दाखवायचे. मी ती फेरी सप्टेंबरच्या तक्त्यात मार्चमध्येच टाकून ठेवली होती.

आता गूळ. मी मिरजेत वाढले. शाळेला टांग्याने जायचो, सहा मुली आणि दप्तरं. शेवटची मुलगी उतरली की टांगेवाले कनवटीचा गुळाचा खडा काढून घोड्याला द्यायचे. ती शेवटची मुलगी मी. खडा कधी कधी माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, “तळवा सपाट धर, बाळ.” कष्टाच्या जनावराला गूळ द्यायचा, हे मला दोन अधिक दोन चार यासारखं माहीत होतं.

त्या ऑक्टोबरात, दसऱ्याला, मी घरच्या झेंडूच्या दोन माळा केल्या, हळदकुंकू घेतलं आणि यार्डात गेले. गाडीवानांना सांगितलं, आमच्याकडे आज वाहनाची पूजा करतात. ते डोकं खाजवत म्हणाले, “लॉऱ्यांची पण?” लॉऱ्यांना मी सकाळीच कुंकू लावून आले होते. ते पोट धरून हसले. माळा घालू दिल्या. करड्याने स्वतःची माळ लगेच खाल्ली. मग मी डबी उघडली.

“हे काय?”

“उसाची साखर. कच्ची. प्रसाद.”

ते गंभीर झाले. “डक, एक तुकडा. आज सण आहे म्हणून. पण हिला गोड चालत नाही. हिच्या आईचे पाय त्यानेच गेले. या मोठ्या घोड्यांचं असंच असतं, सगळं पायांत उतरतं.”

मी मान डोलावली. ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. तबेल्याच्या दारावर जो बोर्ड आहे, ‘कृपया घोड्यांना काहीही खायला देऊ नये’, तो मीच टाइप केलेला, मीच लॅमिनेट केलेला आहे. फक्त तो बोर्ड पाहुण्यांसाठी होता. नियम करणाऱ्याला वाटतं, नियम इतरांना लागतो.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी ऑफिसात जाताना घोडीने दारावरून मान बाहेर काढली आणि माझ्या कोटाचा खिसा हुंगला. खिशात कालची डबी होती. एक खडा. तिचे ओठ तळव्यावरून मखमलीसारखे फिरले आणि मी पुन्हा मिरजेच्या गल्लीत उभी होते. तेव्हापासून पावणेआठ ही तिची वेळ झाली. गाडीवान त्या वेळी मागच्या अंगणात चहा घेत असायचे, हे मला माहीत होतं. मुलगी घर सोडून गेली होती, घर रिकामं होतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण त्याहून खरं हे, की अख्ख्या गावात मला बघून मान बाहेर काढणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते मला आवडत होतं. एका खड्याचे दोन झाले, दोनाची मूठ.

नवऱ्याला खिशात गुळाचा चुरा सापडला तेव्हा तो म्हणाला, “अगं, घोडीला गूळ, मला बिनसाखरेचा चहा. पुढच्या जन्मी बघू.”

“जरासाच असतो.”

“तुझं जरासं मला माहितीये. तू जरासं म्हणून चार डबे चकल्या करतेस.”

नाताळच्या आधी गाडीवान माझ्या टेबलाशी आले. घोडीचं वजन वाढत होतं. दर रविवारी ते तिच्या छातीभोवती पट्टी लावून मापायचे आणि तबेल्यातल्या वहीत लिहायचे. “तू कॉम्प्युटरवर ते रेघेचं करतेस ना, तसं हिचं करून देशील? काही कळेना. चंदी कमी केली, तरी वाढतेच आहे.” मी दहा मिनिटांत आलेख करून दिला. रेघ ऑक्टोबरपासून वर जात होती. मी तिला हिरवा रंग दिला आणि लॅमिनेट करून दिली. ते आलेख खिळ्याला टांगून रोज बघायचे.

मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. आलेख मीच काढला होता. मी एवढंच केलं, की त्या रेघेकडे पुन्हा बघितलं नाही.

फेब्रुवारीत एकदा मी नुकतीच तिच्यापासून दूर झाले होते आणि ते चहाचा मग घेऊन आले. तिच्या नाकपुड्यांशी वाकले. “हिच्या तोंडाला टॉफीचा वास येतोय.”

त्या दिवशी ब्रुअरीत माल्ट शिजत होता. अख्ख्या यार्डात तो गोडसर, भाजक्या पावासारखा वास भरला होता. मी म्हणाले, “माल्टचा असेल. आज सगळीकडे तोच आहे.”

“हां,” ते म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पन्नास वर्षं त्या यार्डात काढलेल्या माणसाला माल्टचा वास मी शिकवला.

एप्रिलमध्ये आठ दिवस छान ऊन पडलं. गाडीवानांनी जोडी ब्रुअरीमागच्या कुरणात सोडली, दरवर्षीपेक्षा थोडी लवकर. त्यानंतरच्या मंगळवारी घोडी ठाणातून बाहेर येईना. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खुरांना हात लावला तर तापलेल्या तव्यासारखे. घोड्यांच्या डॉक्टर आल्या. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या क्लिपबोर्डवर लिहून घेतलं: लॅमिनायटिस. खुराच्या आतला भाग सुजतो आणि आतलं हाड सरकू शकतं. कारण बहुतेकदा साखर. वसंतातल्या कोवळ्या गवतातही ती भरपूर असते.

“हिला दुसरं काही गोड मिळतंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिला?” गाडीवान म्हणाले. “माझ्या हाताखाली? नाही.”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. खिशात गूळ होता. मी पेनाचं टोपण लावलं.

जनावर आजारी पडलं की आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो, आणि ते फॉर्म मी भरते. गाडीवान दुपारी टोपी हातात घेऊन माझ्यासमोर बसले. ‘कारण’ असा एक चौकोन आहे.

“लिही,” ते म्हणाले. “कुरणात लवकर सोडलं. घोडे सांभाळणाऱ्याची चूक.”

“एवढं स्पष्ट नको लिहायला.”

“मग कसं लिहायचं? ऊन पडलं, मला वाटलं त्यांना बरं वाटेल. माझीच चूक. लिही, डक.”

मी लिहिलं. माझी बोटं जलद चालतात. त्यांनी सही केली, आणि ‘नोंद करणारा’ या ओळीत मी केली.

दोन दिवसांनी मॅनेजरने ठरवलं, की घोड्यांची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्यायची, आणि गाडीवानांनी सप्टेंबरपर्यंत रिकामी पिंपं धुवायची. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याच्यासमोर फॉर्म होता. सातही पबचा माल लॉरीवर टाका, असं त्याने मला सांगितलं आणि मी टाकला. सप्टेंबरच्या तक्त्यातून जोडीची फेरी काढून टाकायला मला एक बटण दाबावं लागलं.

सतरा दिवस मी गप्प राहिले. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने डॉक्टरासारखं उत्तर दिलं, “गवताने झालं की गुळाने, हे आता कोणीच सिद्ध करू शकणार नाही.” ते ऐकून मला एक रात्र झोप लागली. एकच. रोज पावणेआठला मी मागच्या दाराने ऑफिसात जायला लागले, कारण पुढच्या दाराने गेलं तर ती मान बाहेर काढायची. दुखऱ्या पायांवर दोन पावलं टाकून यायची, खिशासाठी.

अठराव्या दिवशी शुक्रवार होता. स्वयंपाकघरात उभी राहून मी यादी लिहिली. दूध, कांदे, धुण्याची पावडर, आणि हात आपोआप चालला: ‘गूळ – २’. मी त्या शब्दाकडे बघत राहिले. मग मागची पानं उलटली. प्रत्येक पानावर तो होता, आणि प्रत्येकावर माझी नेटकी आडवी रेघ. काम झालं. काम झालं. काम झालं. मोजून एकेचाळीस पाकिटं. घरच्या आमटीची पाच-सहा वजा केली तरी.

वही घेऊन मी यार्डात गेले. गाडीवान रबरी एप्रन घालून पिंपांत गरम पाणी सोडत होते.

“थोडं बंद करता का? मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

त्यांनी नळ बंद केला, हात एप्रनला पुसले आणि वही घेतली. पान बघून म्हणाले, “डक, हे मला वाचता येत नाही.”

मी हे विचारातच घेतलं नव्हतं. सगळं तयार करून आले होते, पुरावा आणला होता, आणि तो मराठीत होता. आता तोंडाने बोलावं लागणार होतं.

मी बोट ठेवलं. “हा शब्द. हे ते, दसऱ्याचं. उसाची साखर.”

“हां. तो सण.”

पान उलटलं. “आणि हा.”

“तोच?”

“तोच.” पुढचं पान. “हा पण.”

त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि स्वतः पानं उलटायला लागले. ओल्या अंगठ्याने. त्यांचं बोट ओळींवरून खाली घसरायचं आणि अचूक थांबायचं. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत त्यांना तो शब्द ओळखता यायला लागला होता. “हा,” ते म्हणायचे. “हा. आणि इथे पुढे दुसरा आकडा आहे.”

“दोन.”

“आठवड्याला?”

“हो. अर्ध्या किलोची दोन.”

“हे सगळं तिला?”

“बहुतेक सगळं. रोज सकाळी. तुम्ही चहाला गेलात की.”

मला वाटलं होतं, ते फॉर्मबद्दल बोलतील. सहीबद्दल, लगाम गेल्याबद्दल. त्यासाठी मी वाक्यं तयार केली होती. त्यांनी वही बंद केली आणि एका पिंपावर बसले.

“मी तिची चंदी तोडली,” ते म्हणाले. “नाताळच्या आधीपासून. आधी अर्धी, मग पाव. ती रात्री दाराशी येऊन हाका मारायची. भुकेने. मी पाठ फिरवून निघून जायचो. तिच्याच भल्यासाठी करतोय, म्हणायचो.” मग माझ्याकडे बघून, “आणि तू मला रेघ काढून दिलीस.”

“हो.”

“माल्टचा वास म्हणालीस.”

“हो.”

“जा आता,” ते म्हणाले. “जा डक, नाहीतर मी काहीतरी बोलेन.”

मी निघाले. यार्डाच्या मध्यापर्यंत पोहोचले असेन, तेव्हा त्यांनी हाक मारली. “तो फॉर्म. दुसरा भर.”

“भरतेच आहे. तुमचं नाव काढून टाकते.”

“काढू नकोस. दोन्ही लिही. गवतही मीच खाऊ घातलं.”

चौकोन एकच ओळीचा आहे. मी खालची रेघ ओढून तो मोठा केला आणि दोन्ही लिहिलं, माझं आधी. घोड्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, गवत एकटं पुरलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही. गूळ एकटा पुरला असता की नाही, तेही नाही. मी विचारलं, अंदाजे? त्या म्हणाल्या, अंदाजेही नाही. मी ते क्लिपबोर्डवर लिहून घेतलं. मॅनेजरने मला लेखी ताकीद दिली. ती योग्य होती. तबेल्यात जायला मला बंदी झाली, तीही योग्य होती. गाडीवानांना लगाम परत मिळाले.

पण जोडी परत मिळाली नाही. घोडीचे पाय बरे झाले ते चालण्यापुरते. गाडा ओढण्याइतके पुन्हा होणार नाहीत. सप्टेंबरात शेवटची फेरी झाली ती एकट्या करड्याची, हलक्या गाड्याने, जवळच्या तीन पबपुरती. मी खिडकीतून बघितली. साज चकचकीत होता. करडा पहिल्याच पबसमोरून न थांबता पुढे निघाला. थांबायचं कुठे, हे त्याला कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. गाडीवानांना लगाम ओढावा लागला.

घोडी आता गावाबाहेरच्या एका शेतावर आहे, जिथे काम सुटलेले घोडे ठेवतात. गाडीवान रोज जातात. गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना विचारलं, रविवारी मी आले तर चालेल का, शेण काढायला, पाणी भरायला. त्यांनी आधी माझ्या कोटाच्या खिशांकडे बघितलं. मग म्हणाले, “ये. पण फाटकाशी थांबायचं.”

तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता मी फाटकाशी थांबते. ते येतात. मी दोन्ही तळवे दाखवते, मग कोटाचे खिसे बाहेर ओढून उलटे करते, मग जीन्सचे. पहिल्या वेळी मला वाटलं, ते म्हणतील राहू दे. ते म्हणाले नाहीत, अजूनही म्हणत नाहीत. प्रत्येक खिसा बघतात. मग कडी काढतात.

कोट मी तीनदा धुतला आहे. तरी ती कुरणाच्या पलीकडच्या टोकाहून, जपून पाय टाकत, येते आणि उजव्या खिशात नाक घालते. तिथे काही नसतं. ती जरा थांबते, पुन्हा हुंगते. गाडीवान तेवढ्यात पाण्याची बादली उचलून दुसरीकडे वळतात, आणि ती नाक काढून घेईपर्यंत मी हलत नाही.